दोन शाळा, एक फुटबॉल आणि एकाच सामन्यात संपणारा हंगाम

तालुक्याच्या मैदानावर शालेय फुटबॉलचा सामना पाहिला असेल, तर हे चित्र ओळखीचं वाटेल. रात्रभर पाऊस पडून गेलेला असतो. गोलपोस्टसमोर चिखल. एका बाजूला एका गावची शाळा, दुसऱ्या बाजूला आठ-दहा किलोमीटरवरच्या गावची. दोन्ही गावांचा बाजार एक, दवाखाना एक, एसटीही एकच. पण त्या दिवशी एक "आपली शाळा" आणि दुसरी "त्यांची शाळा". रेषेबाहेर छत्र्या, मोटारसायकली, काम सोडून आलेले माजी विद्यार्थी. "पास दे बे, पास!" म्हणून ओरडणाऱ्यांपैकी निम्म्यांनी कधी फुटबॉलला पाय लावलेला नसतो. तास-सव्वा तासात निकाल लागतो. जिंकलेले पोट्टे पिकअपमध्ये नाचत जातात. हरलेले हातपंपावर पाय धुतात आणि एसटीची वाट पाहत बसतात.

दुसऱ्या दिवशी बातमी येते, "अमुक शाळा विजयी". हरलेल्या शाळेचं पुढे काय झालं, हे कुणी विचारत नाही. उत्तर साधं आहे. त्या पोरांचा वर्षाचा फुटबॉल संपलेला असतो. सकाळी दहाला सुरू झाला आणि साडेअकराला संपला.

हे असं का होतं, स्पर्धा नेमकी चालते कशी, भांडणं कशावरून होतात, जिंकून काय मिळतं आणि शेजारच्या शाळेशी असलेली जुनी चुरस आपल्या पोरांच्या कामी कशी आणता येईल, ते आज समजून घेऊ.

स्पर्धा चालते कशी?

शाळांसाठी फुटबॉलच्या मुख्य वाटा दोन. पहिली, क्रीडा विभागाच्या नेहमीच्या शालेय क्रीडा स्पर्धा. यात 14, 17 आणि 19 वर्षांखालील असे वयोगट असतात. दुसरी, सुब्रतो मुखर्जी चषक फुटबॉल स्पर्धा. ती 1960 पासून होते आणि तिच्यामागे भारतीय वायुसेना आहे. सुब्रतो मुखर्जी हे वायुसेनेचे पहिले भारतीय प्रमुख. शाळकरी वयातच खेळाडू हेरले पाहिजेत, हा त्या स्पर्धेमागचा विचार. यात 17 वर्षांखालील मुलं, 17 वर्षांखालील मुली आणि त्याहून लहान मुलांचा एक गट असतो.

दोन्ही स्पर्धांची शिडी सारखीच आहे. आधी तालुका, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य, मग राष्ट्रीय. आपले दोन्ही जिल्हे नागपूर विभागात येतात. चंद्रपूर शहराला 2011 मध्ये महानगरपालिका मिळाली. त्यामुळे विभागाच्या स्पर्धेत चंद्रपूर मनपाचा संघ वेगळा आणि चंद्रपूर ग्रामीणचा वेगळा. जिवती, सिंदेवाही किंवा पोंभुर्ण्याच्या शाळेला म्हणून शहरातल्या शाळांशी जिल्ह्यातच भिडावं लागत नाही. ही सोय ग्रामीण शाळांच्या फायद्याची आहे, पण ती अनेक पालकांना ठाऊकच नसते.

दोन स्पर्धांमध्ये एक फरक मोठा आहे. नेहमीच्या शालेय स्पर्धेत शाळेचा संघ राज्य पातळीपर्यंत जातो. तिथून पुढे निवड चाचणी होऊन वेगवेगळ्या शाळांच्या पोरांचा एक राज्य संघ बनतो. सुब्रतोमध्ये मात्र जी शाळा राज्यात जिंकते, तीच शाळा आपल्या नावाने राष्ट्रीय फेरीत उतरते. म्हणजे कागदावर तरी एटापल्लीच्या शाळेचं नाव थेट राष्ट्रीय फेरीच्या यादीत लागू शकतं. त्यामुळे सुब्रतोच्या सामन्यांत शाळेची इभ्रत जास्त पणाला लागते.

आश्रमशाळांना आणखी एक वाट आहे. आदिवासी विकास विभाग आपल्या शाळांसाठी प्रकल्प, विभाग आणि राज्य अशा स्वतंत्र क्रीडा स्पर्धा घेतो. गडचिरोली जिल्ह्यात गडचिरोली, अहेरी आणि भामरागड असे तीन प्रकल्प, चंद्रपूर जिल्ह्यात चंद्रपूर आणि चिमूर असे दोन. पण तिथे जोर कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, हँडबॉल आणि धावण्याच्या शर्यतींवर असतो. आश्रमशाळेतल्या पोराला फुटबॉलच खेळायचा असेल, तर शाळेला क्रीडा कार्यालयाच्या स्पर्धेत नाव नोंदवावं लागतं.

बाद पद्धतीचं गणित

या स्पर्धा बहुतेक बाद पद्धतीने होतात. हरला तो घरी. हे गणित एकदा कागदावर मांडून पाहा.

तालुक्यात आठ शाळा उतरल्या, तर विजेता ठरायला सात सामने लागतात. पहिल्या फेरीत चार सामने होतात आणि चार शाळा बाहेर पडतात. म्हणजे आठपैकी चार शाळा वर्षभरात एकच सामना खेळतात. सोळा शाळा असतील तर आठ शाळांचं तसंच. संघ कितीही असोत, साधारण निम्म्यांच्या वाट्याला एकच सामना येतो.

आता त्याच पोरांनी विभागात कुणासमोर उभं राहायचं? नागपूर आणि कामठीच्या शाळांसमोर. कामठी ही 1821 पासूनची लष्करी छावणी. तिथल्या गल्लीबोळात पोरं वर्षभर फुटबॉल खेळतात. त्यांच्या पायाखाली दरवर्षी कितीतरी सामने जातात. आपली पोरं दमात कमी नाहीत. डोंगर चढणारी, पाच-पाच किलोमीटर चालून शाळेत येणारी पोरं आहेत ती. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे विद्यार्थी मे 2018 मध्ये एव्हरेस्टच्या शिखरावर जाऊन आले, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. त्यांच्याही आधी महिनोन् महिने तयारी झाली होती. कमी पडतो तो सराव, आणि त्यातही खऱ्या सामन्याचा सराव. एकटं धावून दम वाढतो. अंगावर माणूस येत असताना चेंडू कुणाला द्यायचा, हे फक्त सामन्यातच शिकता येतं.

पाऊस, रोवणं आणि पर्लकोटा

एकच सामना, आणि तोही कधी? भर पावसाळ्यात. सुब्रतोची राष्ट्रीय फेरी लवकर होते, म्हणून तालुका-जिल्ह्याचे सामने जुलै-ऑगस्टमध्ये उरकावे लागतात. झाडीपट्टीत हाच काळ रोवण्याचा. नववी-दहावीची पोरं आठवडा-आठवडा बांधीत असतात. घरचं रोवणं संपलं की दुसऱ्याच्या बांधीत मजुरीला. सरांनी अकरा नावं पाठवलेली असतात आणि मैदानावर नऊच पोरं हजर होतात. नियमाने निदान सात खेळाडू उभे असतील तर सामना सुरू होतो. पण सात विरुद्ध अकरा हा सामना कसला, ती नुसती धावपळ.

दक्षिण गडचिरोलीचा प्रश्न वेगळाच. भामरागडहून जिल्ह्याचं ठिकाण पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, सिरोंच्याहून दोनशेच्या वर. भामरागडजवळ इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्या एकत्र येतात. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. सामना गडचिरोलीला सकाळी आणि पूल पाण्याखाली, अशा वेळी समोरच्या संघाला मैदानात न उतरताच "पुढे चाल" मिळते. निकालाच्या कागदावर भामरागडची शाळा हरलेली असते. ती शाळा पूरामुळे आलीच नव्हती, हे त्या कागदावर कुठेच दिसत नाही.

मैदानाचाही मुद्दा आहे. आपल्याकडची कन्हार जमीन पावसात अशी धरते, की पाय काढताना बूट तिथेच राहतो. तरी बूट लागतातच. फुटबॉलच्या नियमांत बूट, मोजे आणि नडगीला लावायचे शिन गार्ड सक्तीचे आहेत. वर्षभर अनवाणी खेळलेला पोरगा स्पर्धेच्या सकाळी मित्राचे एक नंबर मोठे बूट घालून उतरतो, तेव्हा त्याचा अर्धा खेळ तिथेच गेलेला असतो. बूट जूनमध्ये मिळाले आणि त्यातच सराव झाला, तर उपयोग. स्पर्धेच्या दिवशी मिळाले, तर फोडच येतात.

आपल्याकडे फुटबॉल आला कुठून?

"आपला खेळ कबड्डी, फुटबॉल शहरातला," असं म्हणणारे बरेच भेटतात. ते पूर्ण खरं नाही. मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांतल्या बंगाली गावांत जाऊन पाहा. 1960 च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासित कुटुंबांना सरकारने तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात वसवलं. जंगल तोडून शेती उभी करताना त्यांनी आपल्यासोबत तीन गोष्टी आणल्या, दुर्गापूजा, माशाची तळी आणि फुटबॉल. त्या गावांत आजही फुटबॉलच्या स्पर्धा भरतात आणि आजूबाजूच्या माडिया-गोंड गावांतली पोरं तिथेच खेळ शिकतात. चंद्रपूर शहरातल्या बंगाली कॅम्पमध्येही तेच. दुसरीकडे बल्लारपूर, भद्रावती, राजुरा या पट्ट्यात कोळसा खाणी, आयुध निर्माणी आणि पेपर मिलच्या कामगार वसाहती वसल्या. देशभरातून आलेल्या कामगारांसोबत तिथेही फुटबॉल आला.

2017 मध्ये 17 वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला. त्या निमित्ताने 15 सप्टेंबर 2017 रोजी राज्यातल्या शाळांत एकाच दिवशी फुटबॉल खेळवला गेला आणि शाळांना फुटबॉल वाटले गेले. त्यातले काही चेंडू पोरांनी फाटेपर्यंत खेळले, काही आजही कपाटात असतील. चेंडू पोहोचले, पण पुढच्या वर्षी सामने वाढले नाहीत. अडचण तिथेच राहिली.

वैर जपणारी गावं

बंगाली गावांचा उल्लेख आला, तर कोलकात्याची गोष्ट सांगायला हवी. मोहन बागान हा संघ 1889 चा, ईस्ट बंगाल 1920 चा. मोहन बागान मूळच्या पश्चिम बंगालच्या लोकांचा आणि ईस्ट बंगाल पूर्वेकडून आलेल्यांचा, अशी विभागणी तिथे पिढ्यान् पिढ्या आहे. आपल्या मुलचेऱ्यातल्या आजोबांनाही विचारा, बहुतेक जण ईस्ट बंगालचंच नाव घेतील. या दोन संघांची चुरस शंभर वर्षं टिकली, ती केवळ रागावर नाही. ते वर्षातून अनेकदा समोरासमोर येतात. आज हरलेल्याला दोन-चार महिन्यांत पुन्हा संधी मिळते. लीगमध्ये हरला, तर चषकात हिशेब चुकता करता येतो.

महाराष्ट्रात हेच कोल्हापुरात दिसतं. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ हे पेठांचे आणि तालमींचे संघ. पेठेपेठेत टोकाची चुरस. पण हंगामात आधी लीग होते आणि मग शाहू स्टेडियमवर एकामागून एक चषक. तेच संघ पुन्हा पुन्हा भिडतात. लहान पोरं भिंतीवर बसून ते पाहतात आणि संध्याकाळी तेच करून बघतात. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव हा रिक्षाचालकाचा मुलगा पुढे पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि 2017 च्या विश्वचषकात भारताकडून खेळला.

"ते शहरातलं झालं, आपलं जंगल," असं कुणी म्हणेल, तर झारखंडचा गुमला जिल्हा पाहा. आपल्यासारखाच जंगलाचा, आदिवासी जिल्हा. 2022 मध्ये 17 वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला, तेव्हा भारताची कर्णधार अष्टम उरांव ही गुमल्यातली होती. तिथल्या गावागावांत मुली फुटबॉल खेळतात आणि गावागावांत सामने होतात. जंगलात राहणं ही अडचण असेल, पण तो शेवट नाही.

चुरशीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 16 ऑगस्ट 1980 रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या सामन्यात प्रेक्षकांत हाणामारी झाली, चेंगराचेंगरी झाली आणि 16 जणांचा जीव गेला. त्या सामन्यालाही आलेले लोक खेळ बघायलाच आले होते. आपल्या तालुक्यात गर्दी तेवढी नसते, पण रेषेवर उभं राहून पंचाला शिव्या देणारे मोठे लोक आपल्याकडेही असतात. पोरं मैदानावर हात मिळवतात आणि रेषेबाहेरचे काका बस स्टँडवर भांडतात, असं होऊ नये.

भांडणं होतात ती तीन गोष्टींवरून

*पहिली, वय आणि "बाहेरचा पोट्टा".* समोरच्या संघात दाढी-मिशी आलेला खेळाडू दिसला की बोंब होते. नियम असा, की खेळाडू त्याच शाळेचा नियमित विद्यार्थी हवा आणि त्याची जन्मतारीख त्या वर्षीच्या परिपत्रकातल्या मर्यादेत हवी. मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचं ओळखपत्र आणि शाळेच्या रजिस्टरचा उतारा सोबत लागतो. शंका असेल तर हरकत घेता येते. पण ती संघासोबतच्या शिक्षकांनी, लेखी आणि ठरलेल्या वेळेत घ्यायची असते. गर्दीने ओरडून घेतलेली हरकत कुठेच नोंदली जात नाही. आणि एक गोष्ट मनात ठेवा. खोट्या वयाने तालुका जिंकता येईल, पण वरच्या पातळीवर कागद पुन्हा तपासले जातात. तिथे एक पोरगा अडकला, की सगळ्या संघाची मेहनत वाया जाते.

*दुसरी, ऑफसाइड.* पंच पक्षपाती आहे असं वाटण्याचं हे नंबर एकचं कारण. सोपं करून सांगायचं तर असं. आपला खेळाडू समोरच्यांच्या अर्ध्या मैदानात आहे. आपल्याच खेळाडूने त्याच्याकडे चेंडू मारला, त्या क्षणी तो चेंडूच्याही पुढे आहे आणि त्याच्या व गोलरेषेच्या मध्ये समोरच्यांचा एकच खेळाडू उरला आहे, मग तो गोलकीपर का असेना. अशा वेळी तो खेळात भाग घेईल तर ऑफसाइड. क्षण महत्त्वाचा. चेंडू पोहोचतो तेव्हा तो कुठे होता ते बघायचं नसतं, चेंडू मारला तेव्हा कुठे होता ते बघायचं. रेषेबाहेरून आपण नेमकं उलटं बघतो आणि म्हणून चिडतो. थ्रो-इन, गोल किक आणि कॉर्नरवरून थेट आलेल्या चेंडूवर ऑफसाइड नसतो, हेही लक्षात असू द्या.

*तिसरी, बरोबरी.* बाद पद्धतीत कुणीतरी एक पुढे जायलाच हवा. स्पर्धेच्या नियमात असेल तर जादा वेळ देतात. तरीही बरोबरी राहिली तर पेनल्टी. प्रत्येक संघाला पाच, 11 मीटरवरून. तेही सारखे झाले, तर एकेक मारत जायचं, जोवर एक चुकत नाही आणि दुसऱ्याचा गोल होत नाही. शेवटची पेनल्टी चुकलेला पोरगा गावात वर्षभर तोंड लपवून फिरतो. त्याला पुढच्या महिन्यात दुसरा सामना असता, तर गोष्ट तिथेच मिटली असती.

जिंकून मिळतं काय?

ट्रॉफी आणि मिरवणूक यांपलीकडे दोन गोष्टी आहेत. दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना खेळाचे सवलतीचे गुण मिळतात. पातळी जितकी वरची, तितके गुण जास्त. पण ते आपोआप मिळत नाहीत. शाळेने ठरलेल्या मुदतीत, जिल्हा क्रीडा कार्यालयामार्फत बोर्डाकडे प्रस्ताव पाठवावा लागतो. खेळाडूने प्रमाणपत्र घरी फ्रेम करून लावलं आणि शाळेने प्रस्ताव पाठवलाच नाही, तर गुण गेले. दहावीला असलेल्या खेळाडूच्या पालकांनी दिवाळीनंतर शाळेत जाऊन एकदा विचारावं, "आमच्या पोराचा प्रस्ताव गेला का?" विचारायला लाज कसली.

दुसरी गोष्ट म्हणजे शासकीय नोकरीतलं खेळाडूंचं 5 टक्के आरक्षण. गावात याबद्दल बरेच गैरसमज आहेत. तालुका किंवा जिल्हा जिंकल्याच्या प्रमाणपत्रावर ते मिळत नाही. त्यासाठी बरीच वरची कामगिरी लागते आणि प्रमाणपत्राची क्रीडा विभागाकडून पडताळणी होते. म्हणून कुणी "पैसे द्या, खेळाडूचं प्रमाणपत्र काढून देतो" म्हणत असेल, तर त्याच्या नादी लागू नका. पडताळणीत ते पकडलं गेलं, तर हातातली नोकरीही जाते.

या सगळ्या गोष्टी शिडीच्या वरच्या पायऱ्यांवर आहेत. आपली निम्मी पोरं पहिल्या पायरीवरून, एका सामन्यात, खाली येतात.

मग शेजारच्या शाळेला बोलवा

स्पर्धेची पद्धत बदलणं आपल्या हातात नाही. पाऊस तर नाहीच. पण आठ-दहा किलोमीटरवर एक शाळा आहे. ती आपल्याला दरवर्षी हरवते किंवा आपण तिला हरवतो. तिथल्या पोरांची नावं आपल्या पोरांना पाठ आहेत, आणि तिच्याविरुद्ध खेळायला कुणाला उठवावं लागत नाही. ज्या शाळेचा आपल्याला राग येतो, तीच आपल्या आवाक्यातली सगळ्यात चांगली सरावाची जोडी आहे.

धान कापणी झाल्यावर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने घ्या. मैदान कोरडं, हवा थंड, पोरं गावात. या चार महिन्यांत महिन्याला एक सामना, दोन आपल्याकडे, दोन त्यांच्याकडे. पावसाळ्यातल्या एका सामन्याऐवजी पोरांना वर्षात पाच सामने मिळतील. खर्च म्हणाल तर जाण्या-येण्याचा आणि पोहे-चहाचा. ग्रामपंचायत आणि माजी विद्यार्थी मिळून तेवढं उचलू शकतात.

हे करताना काही गोष्टी पाळल्या, तर सामना भांडणाविना पार पडेल.

तारखा आधीच, दोन्ही मुख्याध्यापकांच्या सहीने ठरवा. "बघू, कळवतो" म्हटलं की ते राहतं.

पंच तिसऱ्या शाळेचे शिक्षक असू द्या. शिट्टी, घड्याळ आणि पिवळं-लाल कार्ड एवढं पुरतं.

दोन्ही शाळांनी खेळाडूंची यादी जन्मतारखेसह एकमेकांना द्या आणि वहीत नोंदवा. वयाची शंका असेल ती डिसेंबरमध्ये, शांतपणे निघेल. जुलैत तालुक्याच्या मैदानावर त्यावरून धिंगाणा होणार नाही.

सामना शनिवारी दुपारी ठेवा आणि चारच्या आत संपवा. सावली, सिंदेवाही, मूल, ब्रह्मपुरी, चिमूर या भागात संध्याकाळी जंगलाच्या रस्त्याने पोरांनी पायी किंवा सायकलने परतणं म्हणजे वाघाच्या वाटेवर जाणं. कप हुकला तरी चालेल, पोरं उजेडात घरी पोहोचली पाहिजेत.

मुलींचा सामना मुलांच्या आधी ठेवा, नंतर नको. मुलांचा सामना लांबला की मुलींचा "पुढच्या वेळी" जातो, हा सगळीकडचा अनुभव आहे. सोबत मॅडम हव्यात आणि पालकांची लेखी संमती हवी.

पालकांची संमती मुलांसाठीही घ्या. प्रथमोपचाराची पेटी सोबत ठेवा आणि जवळच्या आरोग्य केंद्राचा नंबर सरांच्या मोबाइलमध्ये असू द्या.

आणि सामना संपल्यावर शेवटची वीस मिनिटं दोन्ही शाळांची पोरं मिसळून खेळवा. अर्धे आपले, अर्धे त्यांचे. समोरच्या शाळेचा जो पोरगा आपल्याला दरवर्षी गोल मारतो, तो कसा पळतो, चेंडू कधी सोडतो, हे त्याच्या शेजारी उभं राहून जितकं कळतं, तितकं विरुद्ध खेळून कळत नाही.

फुटबॉलच्या जागी कबड्डी, व्हॉलीबॉल किंवा खो-खो लिहा, हिशेब तोच आहे. डिसेंबर 2023 मध्ये राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा बल्लारपूरजवळ विसापूरच्या क्रीडा संकुलात झाली. देशभरातले खेळाडू आपल्या अंगणात येऊन धावून गेले. चांगलं मैदान आपल्या जिल्ह्यात उभं राहू शकतं, हे तेव्हा दिसलं. पण कोरची, धानोरा किंवा जिवतीच्या पोराला रोज विसापूरला जाता येत नाही. त्याला शेजारच्या गावची शाळा मात्र सायकलवर गाठता येते.

पुढच्या जुलैत पुन्हा पाऊस असेल, चिखल असेल, पुन्हा एक शाळा जिंकेल आणि एक हरेल. त्यात काही वाईट नाही, खेळ म्हटला की ते आलंच. फक्त हातपंपावर पाय धुणाऱ्या पोरांनी "सर, आता पुढचा सामना कधी?" असं विचारलं, तर सरांना "पुढच्या वर्षी" म्हणावं लागू नये. सरांच्या वहीत तारीख लिहिलेली असावी.